विकतचा माळा

मुलाबाळांकडे परदेशी जाऊन आलेल्या आईबापांनी प्रवासवर्णन लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. विमानतळावरच्या सरकत्या जिन्यापासून नातवाच्या शाळेपर्यंत सगळ्यांचे सगळे लिहून झाले आहे, आणि वाचणाऱ्यांचे ते सोसूनही झाले आहे. तेव्हा २०२४ च्या जुलैत जावा बेटावर काढलेल्या महिन्याची हकीकत मी सांगणार नाही. एका दुपारच्या जेवणाचे तेवढे सांगायचे आहे. जेवण उत्तम होते. पण ते अजून पचलेले नाही.

आमचे जावई बांडुंगला एका कापड गिरणीत आहेत. इतिहासाचा मास्तर म्हणून मी तीस वर्षे बेळगावात 'बांडुंग परिषद' शिकवली. एप्रिल १९५५, २९ देश, नेहरू, सुकार्नो, चौ एन लाय. फळ्यावर ते नाव इतक्या वेळा लिहिले, पण त्या गावात माणसे राहत असतील, त्यांना भूक लागत असेल, असे कधी मनात आले नाही. प्रत्यक्षात शहर पाहिले आणि घरच्यासारखे वाटले. समुद्रसपाटीपासून ७५० मीटरांच्या आसपासची उंची, म्हणजे आमच्या बेळगावाएवढीच. संध्याकाळी अंगावर काहीतरी घ्यावेसे वाटणारी हवा, भोवती डोंगर, आणि डोंगराच्या उतारावर भाताची खाचरे. उत्तरेला तांकुबान पराहू नावाचा ज्वालामुखी आहे. त्या नावाचा अर्थ 'पालथी होडी', आणि तो दिसतोही तसाच.

एके दिवशी लेक म्हणाली, "बाबा, आज तुम्हाला खास इथलं जेवण घालते. शेतात बसून." गाडी चढाला लागली. दोन्ही बाजूंना बंगले, हॉटेले, मध्येच एखादे हिरवे खाचर, पुन्हा बंगले. आणि मग एका कमानीतून आत शिरलो तो खरोखरच एक खेडे समोर. मधोमध मोठे तळे. तळ्यात बांबूच्या खांबांवर उभ्या केलेल्या पंचवीस-तीस खोपी, वर गवताची आणि काळ्याभोर ताडधाग्याची शाकारणी. खोपींना जोडणारे बांबूचे साकव. पाण्यात तांबडे-पांढरे मासे. कुठूनतरी बासरी आणि तंतुवाद्य यांचे मंद सूर. पलीकडे दोन-तीन वाफे भात लावलेला, पण तो कापण्यासाठी नव्हे, दिसण्यासाठी.

या खोपीला तिथल्या सुंदा भाषेत 'साउंग' म्हणतात. पश्चिम जावातला शेतकरी भाताच्या कडेला ती बांधतो. उन्हात टेकायला, घरून आलेली भाकर म्हणजे तिथला भात खायला, आणि कणीस भरले की पाखरे हाकायला. आपल्याकडे शेतराखणीचा माळा असतो ना, तोच. फक्त इथल्या माळ्याला नंबर होते. आमचा माळा क्रमांक १४.

कमानीत एक प्रसंग घडला होता तो आधी सांगायला हवा. दाराशी पारंपरिक पोशाखातली एक मुलगी उभी होती. येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून ती म्हणे, "सांपुरासुन." हे सुंदा लोकांचे जुने अभिवादन. आमच्या पुढे एक तिथलेच कुटुंब होते. आजी, मुलगा, सून, दोन नातवंडे. मुलगा-सून हसून पुढे गेले. नातवंडांनी तर त्या मुलीकडे आपण रस्त्यावरच्या पाटीकडे पाहतो तसे पाहिले. आजी मात्र थांबली, किंचित वाकली आणि म्हणाली, "रांपेस." त्या अभिवादनाचे हे ठरलेले उत्तर आहे, असे लेकीने मला सांगितले. दारातल्या मुलीचा चेहरा एकदम बदलला. सकाळपासून कितीजणांना ती ते शब्द म्हणाली असेल, आणि किती थोड्यांकडून तिला उत्तर मिळाले असेल.

चपला खाली काढून आम्ही माळ्यावर चढलो. चटईवर मांडी घालून बसायचे, मध्ये ठेंगणे मेज. केळीच्या पानावर भात, अख्खा तळलेला गुरामे मासा, केळीच्या पानात भाजलेले टोफू, तेंपे, चिंचेच्या आंबट रश्श्यातल्या भाज्या, आणि एका टोपलीत कच्चा पाला: काकडी, कोबी, आणि तुळशीच्या जातीची एक पाने. त्यांना 'कमांगी' म्हणतात. आमच्या सौभाग्यवतींनी ती पाने हातात घेतली, हुंगली आणि हळूच बाजूला ठेवली. "वास अगदी वृंदावनातला येतोय. चटणीला लावून कशी खाऊ?" चटणीही त्यांनी खाल्ली नाही, कारण तीत वाटलेला सुका जवळा होता आणि त्यांचा श्रावण नसला तरी एकादशी होती. मी मात्र दोघांच्या वाटचे खाल्ले. हाताने खाल्ले, मांडी घालून खाल्ले, आणि परदेशात आल्यापासून प्रथमच पोटभर खाल्ले.

खोपीच्या कोपऱ्यात बांबूचा एक पोकळ तुकडा टांगला होता; मधे उभी चीर, शेजारी छोटी काठी. नातवाने लगेच काठी उचलून तो बडवला. टोक-टोक-टोक! साकवावरून एक माणूस जवळजवळ धावत आला. नातवाने टोमॅटोचा रस मागितला. माणूस गेला. पाच मिनिटांनी पुन्हा टोक-टोक-टोक. मग बर्फ. मग आणखी एक मासळीची पोळी. "आजोबा, किती मज्जा! बडवलं की माणूस येतो!"

त्या वाद्याला 'कंतोंगान' म्हणतात. जावातल्या खेड्यांत तो चौकीवर टांगलेला असतो. चोर आला, आग लागली, कुणी गेले, की तो वाजवायचा. किती ठोके आणि कसे, यावरून गावाला कळते काय झाले ते. रात्रीची गस्त घालणारे तो वाजवत फिरतात. गावाच्या संकटाचा आवाज इथे बर्फ मागवायला ठेवला होता.

आणि तो आवाज ऐकताना मला माझ्या वडिलांचा डबा आठवला.

आमची जमीन खानापूरच्या रस्त्याला. फार नाही, तीस गुंठे. भात पोटरीला आला की रानडुकरे उतरत. आप्पा आणि मी माळ्यावर झोपायला जात असू. झोपायला म्हणजे जागायला. खांबाला तेलाचा रिकामा डबा बांधलेला, त्याला दोरी, दोरीचे टोक माझ्या पायाच्या अंगठ्याला. खुसपूस झाली की पाय झाडायचा. आप्पा म्हणायचे, "झोपू नको. तू झोपलास की डुकरं जेवतात, बघ." थंडी, डास, खाली साप असेल ही भीती, आणि पहाटे शाळा. त्या माळ्याला सौंदर्य आहे हे मला त्या वेळी कुणी सांगितले असते, तर मी त्यालाच रात्रभर दोरी बांधून बसवले असते.

आणि आज मी साठ वर्षांनी, तीन हजार मैलांवर, पैसे मोजून त्याच माळ्यावर बसलो होतो. सुखात होतो, आणि माझा नातू डबा वाजवत होता.

चौथ्यांदा काठी उचलली गेली तेव्हा आमच्या सौ.नी ती नातवाच्या हातातून काढून घेतली आणि आढ्याच्या बांबूत खोचून ठेवली. तो माणूस रिकामी भांडी न्यायला आला होता. वय तिशी-पस्तिशीचे. सौ. त्याच्याकडे पाहून सरळ मराठीत म्हणाल्या, "बाळा, तू जेवलास का?"

लेक हसली. पण तिने भाषांतर केले: "सुदा माकान?" जेवण झाले का, हे तिथे सहज विचारतात, आपल्या 'काय, कसं काय' सारखे. पण वाढणाऱ्याला कोण विचारतो? तो गोंधळला, हातातली भांडी सावरली आणि म्हणाला, "बलुम, बू." अजून नाही, आई. दुपारचे तीन वाजत आले होते.

मग लेकीमार्फत थोडे बोलणे झाले. गर्दी ओसरली की तो जेवतो. घर खाली गावात. त्याच्या वडिलांचे शेत होते, त्यात असाच साउंग होता. शेत विकले, आता तिथे घरे झाली आहेत. वाईट वाटते का, असे मी विचारले. आपण शहाणी माणसे असे प्रश्न विचारतोच. तो हसला. "पाक," तो म्हणाला. वडीलधाऱ्याला तिथे 'बापाक' किंवा नुसते 'पाक' म्हणतात. "माझ्या वडिलांच्या साउंगमध्ये डास होते आणि पगार नव्हता." असे म्हणून भांडी घेऊन गेला.

इथे माझे जेवण संपले आणि विचार सुरू झाले.

पहिला विचार आला तो सगळ्यांना येईल तोच: हे सगळे खोटे आहे. शेत नाही आणि माळा आहे, गाव नाही आणि गावाची हाक आहे. शेतकऱ्याला उठवून त्याच्या विश्रांतीची जागा आपण भाड्याने घेतली. आपल्याकडे हिवाळ्यात निघणाऱ्या हुरडा पार्ट्यांवरही हेच बोलता येईल, आणि बोलणारे बोलतातच. पण हा आरोप करायला मी लायक आहे का? २००९ साली रस्त्याकडेची ती तीस गुंठे जमीन मीच विकली. कुणी जबरदस्ती केली नाही. आप्पा गेले होते, मी शहरात होतो, गडी मिळत नव्हते, लेकीचे शिक्षण होते. कारणे सगळी खरी आहेत. पण कारणे खरी असली म्हणजे मन निवांत असते असे नाही. आज त्या जागेवर एक उद्यान-उपाहारगृह आहे. तिथेही गवती छपराच्या खोपी आहेत. बांडुंगला जाईपर्यंत मी त्याच्या फाटकातून कधी आत गेलो नव्हतो. रागाने नव्हे. लाजेने.

शिवाय त्या माणसाचे उत्तर आडवे येत होते. ज्याच्या कष्टांबद्दल आपण गहिवरायचे, तोच म्हणतो की इथे पगार आहे आणि डास कमी आहेत. खेड्यातले खरे जीवन म्हणजे काही बासरीचे सूर नव्हेत. त्यात कर्ज होते, अंगठ्याला बांधलेली दोरी होती. ते संपले म्हणून रडायचे आणि आपण मात्र पेन्शन घ्यायची, हाही एक खोटेपणाच. तेव्हा नक्कल वाईट आणि अस्सल चांगले, इतका सोपा हिशेब नाही.

मग बोचते ते नेमके काय?

मला आपल्या सीमाभागातली एक चाल आठवली. मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला लातूर-धाराशिवकडे आणि पलीकडे बिदर-कलबुर्गीच्या बाजूलाही शेतात कडब्याची कोप उभी करतात. आत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडतात, पूजा होते, आणि मग शेतातच पंगत. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. तीही खोप एका दिवसाचीच, तीही एका अर्थाने नाटकातलीच. शहरातले लोकही जातात आणि जेवतात. पण तिथे शेतकरी यजमान असतो. वाटेने जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवतात. त्या दिवशी कुणी उपाशी राहायचे नसते. खोप तीच, जेवण तसेच, मोकळे आकाश तेच. फरक इतकाच की तिथे बोलावणारा आणि वाढणारा एकच असतो, आणि तो आपल्याबरोबर जेवतो. बांडुंगच्या तळ्यावर सगळे आणले होते: बांबू, गवत, मासे, सूर, केळीची पाने. फक्त यजमान आणायचा राहिला होता. किंवा असे म्हणू, तो आणला होता, पण त्याला धावते केले होते.

इंडोनेशियाच्या भाषेत संस्कृतातून गेलेले शब्द पुष्कळ. 'रसा' म्हणजे चव आणि भावनाही. 'चिंता' म्हणजे तिथे प्रेम. यावर आमच्या सौ. म्हणाल्या, "बरोबरच आहे." 'देसा' म्हणजे खेडे, आपला देश तिथे जाऊन गाव झाला. 'दोसा' म्हणजे पाप, आपला दोष. आणि 'हार्गा' म्हणजे किंमत. हा मुळातला आपला 'अर्घ'. आपल्याकडे अर्घ्य म्हणजे पाहुण्याला, देवाला, सूर्याला द्यायचे पाणी. एकाच शब्दातून एक वाट देव्हाऱ्याकडे गेली आणि एक बिलाकडे. बिल आम्ही चुकते केले, जावयांनी वर बक्षिसीही ठेवली. हार्गा दिली. अर्घ्य राहिले. ते जे राहिले होते, ते आमच्या सौ.नी तीन शब्दांत दिले: तू जेवलास का?

म्हणून मला वाटते, विकतच्या माळ्यावर बसण्यात दोष नाही. सुख घेण्यातही नाही. दोष आहे तो विसरण्यात. माळा ज्याचा होता तो, आणि आज माळ्यावर जो वाढतो तो, या दोघांना न पाहता जेवून उठण्यात. भिंती बांबूच्या की सिमेंटच्या, यावर ती जागा खरी की खोटी हे ठरत नाही. तिथे आपण कुणाला माणूस म्हणून हाक मारली का, यावर ठरते.

हे लिहिताना कमानीतली ती आजी पुन्हा डोळ्यांसमोर येते. सुंदा भाषा बोलणारे तीन कोटींच्या वर आहेत, म्हणजे भाषा लहान नव्हे. १९२८ साली तिथल्या तरुणांनी एका राष्ट्राची एक भाषा म्हणून मलायवर आधारलेली इंडोनेशियन स्वीकारली, आणि इतक्या बेटांचा देश तिच्यामुळे एकमेकांशी बोलू लागला, हे मोठेच काम. पण घरात त्याचा दुसरा परिणाम दिसतो. इंडोनेशियनमध्ये जेवणे म्हणजे नुसते 'माकान'. सुंदामध्ये स्वतःच्या जेवण्याला 'नेदा', वडीलधाऱ्यांच्या जेवण्याला 'तुआंग', साधे 'दाहार' वेगळे. चुकेल या भीतीने मुले ती बोलतच नाहीत, इंडोनेशियनवर भागवतात. आणि मग भाषा जाते कुठे? कमानीवर. गणवेशातल्या मुलीच्या तोंडी. पाटीवर, गाण्यात, पदार्थाच्या नावात.

द्विभाषिक मुलखात राहणाऱ्या आपल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. आपली मराठीही आपण अशीच तळ्यात खांबांवर उभी करत नाही ना? वर्षातून एकदा संमेलन, दिवाळीत अंक, लग्नपत्रिकेवर चार ओळी. छान शाकारलेली, नंबर घातलेली खोप. या अंकात लिहिणारा मी आणि वाचणारे तुम्ही, दोघेही त्या खोपीतलेच. मला ती मोडायची नाही. पण "सांपुरासुन" खोटे होते ते उत्तर न मिळाल्याने. आजीने "रांपेस" म्हटले त्या क्षणी ती कमान गावाची वेस झाली. नक्कल खरी करण्याची ताकद उत्तर देणाऱ्यात असते.

डिसेंबरात लेक आणि नातू सुट्टीला बेळगावी आले. मी म्हटले, चला, आज मी जेवायला घालतो. रिक्षा खानापूर रस्त्याला लावली. फाटकातून आत जाताना पाय जड झाले, ते लपवले. आतली आखणी पार बदललेली, पण ओढ्याकडचा आंबा तिथेच होता, त्यावरून मी जागा ओळखली. नातवाला सांगितले: हे वरचे खाचर, हे मधले, आणि आपण बसलोय ते ओढ्याकडचे. इथे माळा होता. त्याने दोरीचे सगळे विचारून घेतले. अंगठा दुखायचा का, हेही.

वाढायला आलेला मुलगा बैलहोंगलकडचा असावा. त्याने पाठ केलेल्या मराठीत "नमस्कार, या, बसा" म्हटले. मी विचारले, "ऊट आतेनपा?" तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग हसला आणि म्हणाला, "इन्ना इल्लरी." अजून नाही.

बाहेर फारशी गर्दी नव्हती. मी म्हटले, आधी जेवून ये, आम्हाला घाई नाही.

आमचे जेवण वीस मिनिटे उशिरा आले. कुणी डबा वाजवला नाही.